एकतीसची कंबर

लग्न खरं असल्याचे आणखी पुरावे द्या, असं पत्र व्हिसा कचेरीतून दुसऱ्यांदा आलं, तेव्हा शिंपीणबाईंचा पाराच चढला. नवरा परदेशात वेल्डर, चार वर्षांत जेमतेम तीनदा घरी आलेला. फोटो काढून घ्यायचा दोघांनाही भारी कंटाळा.

"ताई, तो घरी राहून गेल्याची काहीतरी खूण द्या हो," व्हिसाचा एजंट काकुळतीला आला.

बाईंनी मापांची वही त्याच्यापुढे आपटली. नवरा आला की दुसऱ्याच दिवशी त्या त्याचं माप घेऊन नवी पँट शिवायला बसायच्या. तारखेसकट तीन नोंदी होत्या. कंबर आधी छत्तीस, मग चौतीस, मग एकतीस.

"पण ही तर गिऱ्हाइकासारखी मापं झाली," एजंट म्हणाला.

"गिऱ्हाईक बारीक झालं तर मी पँट आत घेते आणि मोकळी होते," बाई कडाडल्या. "जरा डोळे उघडून बघा."

एजंटाने वही जवळ धरली. अख्ख्या वहीत कुठे खाडाखोड नव्हती. फक्त तो एकतीस दोनदा खोडला होता, आणि दोन्ही वेळा पुढे पुन्हा एकतीसच लिहिला होता.