आजोबा पेपर वाचतात

गवारीच्या शेंगा मोडता मोडता मी लेकीकडून वाक्यं लिहून घेत होते. मुक्ता तिसरीत आहे. "तिची वाक्यं फार कोरडी असतात, घरी वर्णनाची सवय लावा," असं बाईंनी पालकसभेत सांगितलं आणि माझ्या जिवाला घोर लागला. तेव्हापासून समोर दिसेल त्यावर तिला वाक्य करायला लावते.

'मांजर बसलं आहे,' तिनं लिहिलं.

"कसं बसलंय, ते सांग."

तिनं मान वर करून पाहिलं. 'मांजर शेपूट पायांभोवती गुंडाळून बसलं आहे.'

मला हायसं वाटलं. नुसतं नीट पाहायचं तर असतं! आपण मोठी माणसं मात्र दिवसभर कोरड्या वाक्यांतच वावरतो. दूध तापलं. दार लावलं. बाबा बरे आहेत. तपशिलात शिरायला आपल्याला वेळ नसतो, की धीर नसतो?

'आजोबा पेपर वाचतात,' मुक्तानं पुढचं वाक्य लिहिलं. माझे वडील रोजच्यासारखे खिडकीपाशी बसले होते.

"कसे वाचतात?" मी सवयीनं विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, ते पानं उलटतात, पण त्यांचे डोळे हलतच नाहीत."

मी पाहिलं. बाबांनी पान उलटलं. डोळे होते तिथंच होते.

"हे लिहू?"

"नको," मी शेंगांत मान घालून म्हणाले. "आजोबा पेपर वाचतात, एवढंच राहू दे."