चाखूचा उपास

भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ट्रेमधलं एक बिस्कीट ‘भाजलंय का बघू’ म्हणत तोंडात टाकायचं. साखरेच्या पोत्याजवळून जाताना चिमूट उचलायची. खिशात पावाचा कडक कोपरा ठेवायचा. मळताना शीळ घालायची. आणि मळलेलं पीठ फुगायला ठेवण्याआधी तळहाताच्या कडेनं त्यावर क्रूस काढायचा. आधी उभी रेघ, मग आडवी.

म्हणून गल्लीनं त्याचं नाव चाखू ठेवलं. बेकरी वडिलांची. आत भट्टीवर चाखू, बाहेर गल्ल्यावर मोठी बहीण. तिला सगळेच ताई म्हणत.

मग चाखूच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं आणि बजावलं, इंजेक्शन घेतलं की लगेच खायचं, नाहीतर साखर एकदम खाली जाते. चाखूनं इंजेक्शन नेमानं घेतलं. चिमूटही नेमानं उचलली.

ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या तोंडावर चर्चमध्ये फादर पोटाच्या गुलामीवर बोलले. ताईनं शेजारी बसलेल्या चाखूला कोपरानं ढोसलं.

“ऐकलंस? तुझंच चाललंय.”

तो हसला नाही.

त्यानं आधी बिस्किटं सोडली. मग साखर. मग सकाळची न्याहारी. गालफडं आत गेली तशी गल्ली खूश झाली. “चाखू, तुझी पँट तुला शोधत फिरतेय!” कौतुक त्याला गोड लागलं. त्यानं दुपारचं जेवणही सोडलं. शीळ कधी थांबली, ते फक्त ताईला कळलं.

“इंजेक्शन घेतोस ना?”

“घेतो की. डॉक्टरांचंही ऐकतो, देवाचंही.”

“आणि खातोस कधी?”

“दिवस मावळल्यावर.”

एकदा ती आत गेली तर तो भट्टीसमोर नुसता उभा. शर्ट अंगाला चिकटलेला. हात थरथरत होते.

“अरे, केवढा घाम!”

“भट्टीपुढे काय थंडी वाजणार, ताई?”

तेही खरंच होतं. वडिलांनाही असाच घाम यायचा. ती गल्ल्यावर परत गेली. पण दुसऱ्याच दिवशी ती फादरना घेऊन आली.

फादर पिठाच्या पोत्यावरच टेकले. “आजाऱ्याला उपास माफ असतो, ठाऊक आहे ना?”

“पण फादर, नाही म्हणायला शिका, असं तुम्हीच म्हणालात.”

“हावेला म्हण. अंगाला नको, ते देवानं सांभाळायला दिलंय. आधी तुला खायची हाव होती, आता न खायची आहे. फक्त मालक बदललास तू.”

 चाखू म्हणाला, “उद्यापासून खातो. आजचा दिवस पुरा करू द्या.”

“आत्ता खा,” फादर म्हणाले. ताईनं दूध-पाव आणून ठेवला. हे पीठ ठेवलं की खातो, असं चाखूनं कबूल केलं, तेव्हा कुठे फादर उठले.

ताई गल्ल्यावर आली. आतून मळण्याचा आवाज येत होता, थप, थप. तिला बरं वाटलं. गिऱ्हाइकं वाढली. आवाज थांबला. पीठ फुगायला ठेवलं असेल, आता खात असेल, असं तिला वाटलं.

मग करपल्याचा वास आला. चाखूच्या हातून ट्रे कधी करपला नव्हता.

तो साखरेच्या पोत्याला टेकून बसला होता. डोळे उघडे, पण ताईला ओळखत नव्हते. तिनं मूठभर साखर त्याच्या ओठांत कोंबली. ती जिभेवर तशीच राहिली, मग हनुवटीवर सांडली. जन्मभर चिमटीनं चोरलेली साखर त्याला गिळता येईना.

इस्पितळातून तो परत आला नाही.

त्याच संध्याकाळी भट्टी विझवायला म्हणून ताई एकटीच आत गेली. दुधावर साय धरली होती. पाव तसाच होता. लाकडी काठवटीतलं पीठ कडेवरून ओघळून टेबलावर आलं होतं आणि अजून फुगतच होतं. त्यावर एकच उभी रेघ होती.