काचेवरची सरस्वती

२१ ऑक्टोबर २००४. खंडेनवमी. शाळेत पोचले ती थेट संगणकाची खोली झाडायला. ही खोली पूर्वी खिचडीच्या तांदळाची. संगणक आला तेव्हा तांदळाची पोती मुख्याध्यापकांच्या टेबलामागे गेली, उंदीर मात्र खोलीतच राहिले. संगणकावर एक जुनं पडद्याचं कापड घातलेलं होतं. ते बाहेर नेऊन झटकलं, लेंड्या भरल्या, फरशी पुसली, मॉनिटरची काच कोरड्या फडक्यानं पुसली. जूनपासून तो तिथे होता आणि एकदाही चालू झाला नव्हता. उद्घाटन व्हायचं होतं.

उद्घाटनाला ज्यांना बोलवायचं त्यांना आधी वेळ नव्हता. मग निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली. खोलीची चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. मी दोनदा विचारलं होतं.

"सर, नारळ फुटेल तेव्हा फुटेल. तोवर मुलांना निदान चालू-बंद तरी दाखवू."

"म्याडम, तुमी काहून माझ्या नोकरीच्या मागं लागून राहिल्या? साहेबांच्या आधी आपन बटन दाबलं आन् बिघडलं, तं सांगायचं काय?"

"बिघडेल कशानं?"

"लेकरं हायेत म्याडम. लेकरानं बिघडतेच."

त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. शाळेला आलेली वस्तू त्यांच्या नावावर चढलेली असते. ती फुटली तर त्यांना जाब द्यावा लागतो, वापरली नाही तर कुणी काही विचारत नाही. असं असल्यावर माणूस वस्तू झाकूनच ठेवणार.

मी नोकरीला लागले तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमचा भाग परभणीतच होता. पहिल्या शाळेत एक रेडिओ होता. तो कपाटात असायचा आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर यायचा. नंतरच्या शाळेत टीव्ही आला, कुलूप लावायच्या लाकडी पेटीसकट. शैक्षणिक कार्यक्रम ज्या वेळी लागायचा त्या वेळी गावात लाइट नसायची. क्रिकेटच्या दिवशी मात्र पेटी ग्रामपंचायतीत जायची. अँटेना माकडांनी वाकवला, तो तसाच राहिला.

मग आनंददायी शिक्षणाची प्रशिक्षणं सुरू झाली. तालुक्याला आम्ही पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी आणि पदर खोचलेल्या बाया गोल करून टाळ्या वाजवत गाणी म्हणायचो. मुलांच्या सर्जनशीलतेला वाव द्या, असं सांगितलं जायचं. वहीत लिहून घ्यायचो. मग शैक्षणिक साहित्याची स्पर्धा यायची. शिक्षक रात्र रात्र जागून थर्माकोलची पचनसंस्था करायचे, गावातल्या पेंटरकडून रंगवून घ्यायचे. बक्षीस मिळालं की ती पचनसंस्था कार्यालयातल्या कपाटावर. खाली चिठ्ठी, हात लावू नये. मीही एकदा सूर्यमाला केली होती. पृथ्वी माझ्या मोठ्या मुलानं घरी फोडली. निदान कुणी हाताळली तरी.

तर त्या वर्षी माझ्या सातवीत तांड्यावरची एक मुलगी होती. तिला ज्वारीचं धाट दिलं की संपलं. धाटाची साल काढायची, आतलं मऊ भेंड तोडायचं, सालीच्या काड्या भेंडात खुपसायच्या आणि वस्तू उभी करायची. बैलगाड्या सगळेच करतात. तिनं ट्रॅक्टर केला, मागं दोन ट्रॉल्या, उसाच्या असतात तशा. मी टेबलावर ओढून पाहिला. पुढचं वळलं की पहिली ट्रॉली वळायची, मग दुसरी, एकामागून एक. मधला सांधा तिनं बाभळीच्या काट्याचा केला होता. दर वर्षी दिवाळीच्या आधी ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि ट्रॉलीवर बसून तो सांधा बघायची. होळीनंतर परत आली की मागचं सगळं बुडालेलं असायचं. तरी सातवीपर्यंत आली होती.

संगणक आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, पाटीवरलं पुसलं तं हाताला लागते. कंपूटरमधलं पुसलं तं कुठं जाते?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, "चालू झाला की बघू."

सप्टेंबरात मी दर वर्षी तांड्यावर चक्कर मारायचे. जाणाऱ्यांनी मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवावं म्हणून सांगायला. बहुतेक जण हसून चहा पाजायचे आणि दिवाळीआधी मुलांसकट निघून जायचे. त्या वर्षी हिची आई अंगणात मूग झोडपत होती. काठी थांबवली नाही.

"ठेवून काय करू बाई? तिकडं आली तं धाकल्याला बघते, भाकरी टाकते. पुढल्या साली तिच्या हातात कोयता येईल."

"सातवी होऊ द्या. तेवढं एक वर्ष."

"सातवी होऊन काय होते? माझा भाऊ धावी झाला. ट्रॅक्टरवर दगड ठेवते चाकाखाली."

मग तीच थांबली. काठी टेकवून म्हणाली, "ही म्हनते शाळेत कंपूटर आला. शिकवनार का हिला?"

"शिकवणार."

"बगा हां. कंपूटर शिकवनार असाल तं ठेवते म्हातारीपाशी. पाटी-पेन्सिलीसाठी न्हाई ठेवत. टोळी निघायच्या आधी मला डोळ्यानं दिसलं पायजे, हिचा हात त्याच्यावर चालून राहिला म्हनून."

पोरगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून रोज शाळेत आल्यावर आधी त्या खोलीच्या कुलपाकडे बघून मग वर्गात यायला लागली. मी रोज मुख्याध्यापकांकडे बघायला लागले.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटीपूजन असतं. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशीच. पाटी धुवायची, तिच्यावर एकाचे आकडे एकात एक गुंफून सरस्वती काढायची, झेंडू आणि हळदकुंकू वाहायचं. घराघरांत विळा, पाभर, शिवणयंत्र, मोटारसायकल पुजलेली असते. त्या दिवशी सकाळी दारातच मुख्याध्यापकांनी खोलीची चावी माझ्या हातात दिली, त्यांना एकाएकी सुचलं होतं.

"म्याडम, पूजेला तर उद्घाटन लागत न्हाई ना? यंदा पाटीपूजन कंपूटरचंच करू. काळी पाटीच हाय ही, मोठी." ते खूश झाले होते. "तुमच्या सातवीतली ती पोरगी, तिचा हात चांगला हाय. तिला म्हना काढ सरस्वती."

मलाही बरं वाटलं, लपवत नाही. निदान खोली उघडली. मुलगी पाटीवरची पेन्सिल घेऊन आत गेली. मी बाकीच्यांच्या पाट्या धुवायला हापशावर गेले. परत आले तेव्हा सरस्वती झाली होती. बंद पडद्याच्या काळ्या काचेवर, कडेपासून कडेपर्यंत, एकही एक वाकडा नाही. दोन बाजूंना मोर. मुख्याध्यापकांनी हळदकुंकू वाहिलं, की-बोर्डवर झेंडू ठेवला. मुलांनी रांगेनं नमस्कार केला. पाटीवर जे शंभर वर्षं काढत आले तेच काचेवर काढलं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

निवडणूक उरकलेली होती, त्यामुळे आठवड्याभरात उद्घाटनाचा निरोप आला. आदल्या दिवशी हिंगोलीहून एक पोरसवदा इंजिनिअर सामान जोडायला आला. त्यानं ओल्या फडक्यानं सरस्वती पुसली. हळद गेली, पांढरं गेलं, सरस्वती गेली नाही. त्यानं नखानं घासून पाहिलं.

"सर, ये क्या किया? पडद्याला वरून लेप असतो. तो खरवडला."

मग चालू केला. निळा उजेड आला आणि त्या उजेडात सगळे एक उभे राहिले. मोरसुद्धा. खरं सांगायचं तर चालू पडद्यावर ती बंद पडद्यापेक्षा छान दिसत होती.

"कोनी केलं हे?" मुख्याध्यापकांनी विचारलं. खोलीत मी, ते आणि इंजिनिअर, तिघंच होतो आणि तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

"सर, पूजा तुम्ही सांगितली होती," मी म्हटलं.

"पूजा सांगितली. कोरायला सांगितलं होतं का?" ते इंजिनिअरकडे वळले. "तांड्यावरची पोरगी हाय. दाबून दाबून काढली असंल."

दुसऱ्या दिवशी लाइटचा भरवसा नको म्हणून मंडपवाल्याचा जनरेटर आणला. मॉनिटरला झेंडूचा इतका जाड हार घातला की सरस्वती बहुतेक झाकली आणि पडद्याचा मधला तळहाताएवढा भाग उरला. नारळ फुटला. पाहुण्यांनी बटन दाबलं, निळा तुकडा उजळला, टाळ्या झाल्या, फोटो झाला. भाषणात एकविसावं शतक दोन-तीनदा आलं. जनरेटर बंद केला आणि खोलीला कुलूप लागलं. पडदा बदलून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. पडदा बदलायचा तर तो खराब कसा झाला ते वर लिहावं लागणार होतं. ते कुणी लिहिणार नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं.

टोळी निघायच्या दोन दिवस आधी आई शाळेत आली. कामाच्या लुगड्यात नव्हती, ठेवणीतलं नेसून आली होती. बघायला आली होती. मुलीला शेजारी घेऊन त्या कुलपासमोर उभी राहिली. मुख्याध्यापक बाहेर आले.

"तुमच्याच लेकीनं खराब केला, मावशी. आता दुरुस्त होऊन येईल तवा बघू."

"तिला सांगितलं कोनी?"

"पूजा करायला सांगितलं होतं."

"व्हय." आईनं मान हलवली. "पूजा करायला आमची पोरगी. आन् चालवायला कोन?"

पोरं खिडकीतून बघत होती, मुख्याध्यापकांनी त्यांना हाकललं.

मी आईला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. म्हटलं, सेनगावात एक संगणकाचा क्लास आहे. मी तिथेच राहते. दर रविवारी हिला पाठवा, मी बसवते, दुपारच्या जीपनं परत लावते. मनात सगळं जुळवून आले होते. क्लासवाल्याशी बोलणंही झालं होतं.

आईनं नीट ऐकून घेतलं. "बाई, तुमी चांगल्या हात. पन तुमी या शाळेत इतक्या वर्साच्या, तुमचं हितं एक कुलूप उघडंना. तिकडं दुकानात तुमचं काय चालनार?"

"तिथं कुलूप नाही."

"तिथं न्हाई. मधी चार कोस हाय, म्हातारीला डोळ्याला दिसत न्हाई, आन् पोरगी तेरा वर्साची. जीपमधी कोन कोन बसते ते तुमाला म्हाईत हाय, मला बी म्हाईत हाय."

मला माहीत होतं. मी रोज त्याच जीपनं यायचे. शाळा बोलली होती, शाळेनं पाळलं नाही. आईचा हिशेब सरळ होता.

मुलगी इतका वेळ ऐकत होती. आई पुढे चालायला लागली तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"बाई, काच पेन्सिल धरत नव्हती. म्हनून मी दाबली."

"काच धरत नाहीच. तुझं काही चुकलं नाही. सरांनी सांगितलं ते तू केलंस."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"चालू केल्यावर सरस्वती दिसते का?"

"दिसते. मोरसुद्धा."

"कशी?"

"निळ्यात. काळ्या रेघांची."

"म्हंजे पुसलं तरी गेलं न्हाई," असं म्हणून ती आईमागे पळाली. संगणक चालू होता तेव्हा तो बघायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. उद्घाटनाला सातवीच्या मुलींना स्वागतगीताला उभं केलं होतं, मैदानात.

टोळीचा ट्रक तांड्यावरून निघाला तेव्हा आमची मधली सुट्टी होती. शाळेसमोरच्याच रस्त्यानं गेला. वर गाठोडी, शेळ्या, पोरं, भांडी. धुळीत कोण कोण होतं ते दिसलं नाही. वर्गातून तांड्याची बरीच मुलं कमी झाली होती.

नंतर खूप प्रशिक्षणं केली. तंत्रज्ञानाचीही केली. पडद्यावर चित्रं दाखवून तिथे सांगतात की मूल स्वतः हाताळतं तेव्हा शिकतं. मी मान हलवते, सही करते. ते खरं आहे, म्हणून भांडायला काही नसतं. ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. ट्रॅक्टर मात्र माझ्या टेबलाच्या खणात दोन वर्षं होता. मग भेंडाला कीड लागली, फेकून दिला.

ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहावी आणि सातवी एका खोलीत आणली आणि बाक सरकवून मधल्या रिकाम्या जागा भरल्या. सहामाहीच्या आधी संगणकाचा धडा उरकायचा होता. शेजारच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून फळ्यावर खडूनं संगणक काढला. मॉनिटर, की-बोर्ड, माऊस. बाण काढून नावं लिहिली. मुलांना म्हटलं, वहीत उतरवून घ्या.

मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, पडद्यावर काय काढू?"

"काही काढू नको," मी म्हटलं. "परीक्षेत रिकामाच विचारतात."