हैदराबादेतली आमची खरेदी

हैदराबादहून लग्नाची खरेदी करून आलं की सामान दोन दिवसांत वाटून संपायचं, किस्से मात्र वर्षभर पुरायचे. निजामाच्या राजवटीतले ते दिवस. हुमनाबादहून मोटारीनं निघणारी आमची टोळी ठरलेली: सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाई, म्हणजे अक्का, थोरली नणंद रत्नाक्का आणि मी. रत्नाक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. साऱ्या घराची खरेदी तिच्या नजरेनं व्हायची, पण स्वतःसाठी ती चिंधीसुद्धा घेत नसे. मला ते फार लागायचं.

*

पत्थरगट्टीच्या बाजारात अण्णांना बिदरी कामाचा पानडबा आवडला. घासाघीस रंगात आली. दुकानदार म्हणाला, हे खास बिदरचं काम, त्याची कदर तुमच्यासारख्या परक्या माणसाला कशी कळणार? आप किधर के?

बिदर तर आमच्या उशाशी, आणि तिथलाच डबा आम्ही इथं येऊन घेत होतो! अण्णांनी डबा काखेत मारला आणि खाली बघत सांगितलं, "सोलापूरके."

*

अत्तराच्या दुकानात अक्का मनगटापासून कोपरापर्यंत एकेक वास लावून बघत गेली. शेवटी सगळ्यांची अशी खिचडी झाली की काहीच न घेता बाहेर पडलो. घरी आल्यावर ती धार काढायला बसली, तर म्हशीनं पान्हा चोरला.

अण्णा म्हणाले, "तिला वाटलं, नवाबाची बेगम आलीया."

*

फोटो स्टुडिओत चारमिनारचा रंगवलेला पडदा होता. अण्णा त्याच्यापुढंच बसायचं म्हणून अडून बसले. खरा चारमिनार खिडकीतून दिसतोय की, असं फोटोवाला म्हणाला.

"दिसतोय, व्हय. पर त्याच्यापुढं टांगे थांबायलेत. ह्यो मोकळा हाय."

*

साड्यांच्या दुकानात रत्नाक्कानं ढिगातून नेमकी साडी उचलली. मालक खूश झाला आणि स्वतःसाठी काय बघता, असं तिलाच विचारून बसला.

"मला रंगातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली आणि घडी घालत राहिली.

*

धाकट्या नणंदेच्या, गिरिजाच्या लग्नाची गोष्ट. नवरीला प्रवास नको म्हणून मापाला तिची एक बांगडी घेतलेली, ती मोटारीतच फुटली. लाड बाजारात बांगड्या भरणारी म्हातारी माप मागू लागली. दोघी बहिणींचे हात सारखेच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

रत्नाक्कानंच हात पुढं केला. "एक चढवून बघा. माप कळंल."

म्हातारीला काय माहीत! बोलता बोलता तिनं सवयीनं हिरव्या चुड्यानं हात भरून टाकला. रत्नाक्का दचकली, काढा म्हणाली. म्हातारीनं साबण लावला, हात दाबून पाहिला. चुडा घट्ट बसलेला.

"उतरते नई, अम्मा. तोडना पडता."

रत्नाक्कानं डोळे मिटून हात दगडी पायरीवर ठेवला.

अक्का पुढं सरकली. लेकीचा हात तिनं पायरीवरून उचलला आणि दुसरा, रिकामा, म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो बी भर."