एल्स्पेटला वंशावळीत घेतलं

एल्स्पेट गेडिसने चाळीस वर्षं आमच्या गावाचे कपडे धुतले. तरुणपणी डनलॅरिकच्या जमीनदाराने, गॅव्हिनने, गोठ्यात दोन साक्षीदारांसमोर "ही माझी बायको" असं म्हटलं होतं. आमच्या कायद्यात तेवढ्याने लग्न लागतं, पाद्री लागत नाही. पण तीन महिन्यांत त्याने पैसेवाली बायको आणली आणि साक्षीदारांनी तोंडं शिवून घेतली.

एल्स्पेटला दिवस गेले होते. चर्चच्या पंचांनी तिला बोलावलं. जमीनदाराचं नाव घेतलंस तर गावाबाहेर काढू, अशी दमदाटी झाल्यावर तिने मुलाचा बाप म्हणून नुकत्याच मेलेल्या एका नांगऱ्याचं नाव सांगितलं. पंचांची वही मी, शाळामास्तर, लिहायचो. ती खोटं बोलतेय हे मला ठाऊक होतं. तरी मी सुबक अक्षरात लिहिलं आणि तिने खाली फुली मारली. मग तीन रविवार तिला सगळ्या गावासमोर पापिणीच्या स्टुलावर बसवलं. मुलगा झाला, ह्यू. तो मोठा होऊन मेंढरं राखायला लागला.

गॅव्हिन मेला आणि त्याचा भाऊ लुडोविक याला एकाएकी वंशावळीचं वेड लागलं. एल्स्पेटचं लग्न खरं ठरलं की दुसरीची पोरं अनौरस, मग इस्टेट लुडोविकची. साक्षीदारांपैकी ग्रिझेल स्वयंपाकीण तेवढी जिवंत होती. तिला आता सगळं लख्ख आठवलं. कोर्टाने लग्न मान्य केलं.

एल्स्पेट हरखून वेडी झाली. तिला बाकी काही नको होतं, फक्त ह्यूचं नाव त्या घराण्याच्या वंशावळीत हवं होतं. वंशावळ लिहायला एडिंबरोहून आणलेल्या माणसाने ती टेबलावर पसरली, तेव्हा तिने विचारलं, "माझा ह्यू कुठाय?"

ह्यू गॅव्हिनचा औरस मुलगा ठरला असता तर इस्टेट त्याची झाली असती आणि लुडोविकच्या हाती धुपाटणं आलं असतं. त्या माणसाने माझी जुनी वही उघडून तिची फुली दाखवली.

"मास्तर, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "सांगा ना यांना."

लुडोविक माझ्याकडे बघत होता. माझी नोकरी त्याच्या हातात होती.

"वहीत आहे तेच खरं, एल्स्पेट," मी म्हणालो. मला स्वतःची किळस आली, पण म्हणालो.

मग लग्न झालंच नव्हतं म्हणून सांगते, असं ती रडून म्हणाली. पण निकाल लागून गेला होता.

त्याच हिवाळ्यात ती गेली. लग्नाची बायको म्हणून तिला गॅव्हिनच्या शेजारी पुरायचं ठरलं. आमच्याकडे शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडतात आणि डोक्याकडची दोरी मुलाची असते. ह्यूने हात पुढे केला.

लुडोविकने ती दोरी आधीच उचलली होती. "बाजूला हो रे," तो म्हणाला. "आमच्या घरातली बाई आहे."

ह्यू मागे गड्यांमध्ये जाऊन उभा राहिला. दोऱ्या धरणाऱ्या मानकऱ्यांची यादी माझ्या हातात होती. मी पुढचं नाव वाचलं.