आवाज न येणाऱ्या गाडीतून रोह्याला

गाडी घेताना लोक ॲव्हरेज विचारतात. माझा नवरा नितीन शोरूममधल्या गाडीत काचा वर करून, डोळे मिटून दहा मिनिटं बसला आणि म्हणाला, "हीच." कारण आमचं घर. ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत माझे वडील, अण्णा, वर्षभर राहत होते आणि टीव्ही समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असा लावत होते. रोह्याच्या केमिकल कंपनीत कॉम्प्रेसरवर आयुष्यभर शिफ्ट करून त्यांचे कान गेलेत. कानाला मशीन लावतात, पण जरा गोंगाट असला की त्याचा उपयोग शून्य. नितीन घरून काम करतो. त्याला निदान चार चाकांवर तरी शांतता हवी होती.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. अण्णांना रोह्याला माझ्या भावाकडे, महेशकडे सोडायचं होतं. "आठ दिवस राहून या," असं त्यांना सांगितलं होतं. खरं तर कायमचंच सोडायचं, हे माझं आणि महेशचं फोनवर ठरलेलं होतं. अण्णांना ते नंतर हळूहळू कळेल, असा माझा शूर बेत होता.

निघण्याआधी नितीनने गाडीतून किल्ल्या, चिल्लर, छत्री आणि डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा बाहेर काढला. का, तर खडखडतात. मग मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप सुरू करून पनवेलपर्यंत मला आकडे वाचायला लावले. मी वेफर्सचं पाकीट फोडलं तर आकडा चढला, आणि मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखा त्याने माझ्याकडे कटाक्ष टाकला. एसी एकवर, गाणी बंद. माणसं सहलीला निघतात, मी परीक्षेला बसले होते.

पेणला पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यायला उतरले. जाणाऱ्यांनी मोठ्या दुकानांच्या नादी न लागता रस्त्याकडेला घरची वाळवणं घेऊन बसणाऱ्या बायकांकडे घ्यावीत. "घे गो ताय," त्यातली एक म्हणाली, "कालच वाळवलीत. तळून बघ, फुलली नाय तर परत आन." मी दोन-दोन पाकिटं घेतली. गाडीत आले तर नितीन म्हणाला, "पिशवी चुरचुरतेय." शेवटी ते पापड टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवले. तान्ह्या बाळालासुद्धा कोणी इतकं जपून गुंडाळत नसेल.

गाडी सुरू झाल्यावर मी स्वतःशीच पुटपुटले, "चहा राहिलाच."

"वडखळला थांबू," मागून अण्णा म्हणाले. "हितला लय गोड असतो."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण माझं डोकं नितीनवर तापलेलं होतं.

वडखळला चहा-वडापाव झाला, तिघांचा मिळून दीडशे रुपयांच्या आत. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. त्यांना वास येतो, आवाज नाही, म्हणून एक माळ घ्यायची परवानगी मिळाली.

आमच्या घरात दोन आवाज आहेत. एक अण्णांशी बोलायचा, ओरडून. दुसरा अण्णांबद्दल बोलायचा, साधा, त्यांच्या समोर बसूनच. वर्षभरात आम्हाला याची इतकी सवय झाली की त्यात काही वाटेनासं झालं. जुन्या गाडीत तर मागच्या सीटवर धड कानांच्या माणसालाही पुढचं काही ऐकू येत नसे.

गडबच्या पुढे रस्ता उखडलेला होता. गाडी हळू झाली तसं नितीनने विचारलं, "कायमचं आहे हे त्यांना सांगणार कधी?"

"सांगायचं काय त्यात?" मी म्हणाले. "आठ दिवस झाले की महेश म्हणेल, अजून राहा. पंधरा दिवसांत विसरतील ते. आपल्याला आपलं घर परत मिळेल."

भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज मी हे बोलले. मागे अण्णा खिडकीतून कापणी झालेली भातशेतं बघत होते. नितीनने ॲपकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, एवढ्या खराब रस्त्यावरही आत काही आवाज नाही."

नागोठण्यावरून आम्ही भिसे खिंडीचा रस्ता धरला. तुम्हीही धरा, झाडी छान आहे. एरवी खिंड आली की अण्णा रात्रपाळीच्या बसच्या गोष्टी सुरू करतात. या वेळी रोहा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. झोप लागली असेल, असं मी धरून चालले.

दारातच महेशची बायको वैशाली ओरडून म्हणाली, "अण्णा, आठ दिवस तरी राहा हां."

"ओरडू नको गो," अण्णा म्हणाले. "आठ दिवस नाय, राहायलाच आलोय. मीच बोललो हिला, तिकडं माझं मन लागत नाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "व्हय ना गो?"

मी "हो" म्हणाले. माझी लाज राखायला त्यांनी खोटं बोलायचं आणि मी त्यावर मान डोलवायची. आयुष्यात इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं.

वैशालीने वालाचं बिरडं आणि कोलंबी केली होती. चव विचारू नका, मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर नितीनने ॲप उघडलं नाही. पेणच्या पुढे मला ती शांतता सहन होईना, तेव्हा मी काच खाली केली. ट्रक, धूळ, हॉर्न, सगळं आत आलं. मग त्यानेही आपली काच खाली केली.

गाडी आतून किती शांत असावी, असं हल्ली ओळखीचे विचारतात. मागे बसलेल्याला पुढचं स्पष्ट ऐकू येईल इतकी तरी असते, हे लक्षात ठेवून बोला, एवढंच मी सांगते. घर आता शांत आहे. नितीनचं काम होत नाही ते नाहीच.

काल महेशचा फोन आला. अण्णांनी कानाचं मशीन काढून कपाटात ठेवलंय. बॅटरी संपली का, असं मी विचारलं. "बॅटरी हाय," तो म्हणाला. "नको बोलतात. ऐकायचं ते ऐकून झालं, बोलतात."

रविवारी आम्ही त्यांना आणायला जातोय. येतील की नाही, माहीत नाही. मशीन कानात नसेल तर "अण्णा, माझं चुकलं, घरी चला," हे मला आख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावं लागेल. म्हणेन.