त्यांच्यामागची पहिली सहल

नवरा गेल्यानंतरही त्यांचा फोन मी चार्जिंगला लावत राहिले. माझा लावायचा तसा त्यांचाही, एवढंच. ते पाहुण्यांना एका दिवसाच्या सहलीला आणायचे. सकाळी पणजीहून जीपमधून आमच्या हळर्णला, नदीकाठी पक्षी, मग किल्ला, दुपारी आमच्या घरी जेवण. माझं काम चुलीपाशी. किती वर्षं हे चाललं, पण मी स्वतः कधी त्यांच्याबरोबर नदीवर गेले नव्हते. भाताची लावणी चालू असताना त्यांना हार्ट अटॅक आला. बांबोळीच्या हॉस्पिटलच्या वाटेवरच संपलं.

दिवाळी झाली आणि तो फोन वाजला. ठाण्याचे कुणी गृहस्थ होते. "रविवारी मी आणि मिसेस येतोय. आमच्या ओळखीच्यांना तुम्ही पाणमांजर दाखवलं होतं. आम्हाला दिसेल ना?"

"या," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोलले ते. परत लावून नाही म्हणता आलं असतं. मी तांदूळ निवडायला बसले.

माझा धाकटा दीर पूर्वी डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर ह्यांनी त्याला जीपवर घेतलं. संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं.

"वयनी, हो कित्याक म्हटलंस? पक्षी कोण दाखयतलो?"

"मी."

"तू?"

"सोप्यावर बसून ते पाहुण्यांना सांगायचे, ते मी रोज आतून ऐकलंय."

तो जीप धुवायला गेला.

रविवारी ह्यांची दुर्बीण गळ्यात घालून मी नदीवर उभी राहिले. पाहुणे सभ्य होते. गृहस्थ बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, बाई हसऱ्या. मी खंड्या दाखवला, घार दाखवली. पलीकडच्या झाडावरून धनेशाची जोडी उडाली तेव्हा दोघंही लहान मुलांसारखी ओरडली. मी त्यांच्याकडे बघत होते. पूर्वी घरी बसून मला वाटायचं, एकदा आपणही जावं, बघावं. आता समोर सगळं होतं, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसत होतं.

"अहो, ते काय?" बाईंनी हात केला.

पाण्यात दोन ओली काळी डोकी वर आली होती. पाणमांजरं. गृहस्थ बघायला पुढे सरकले आणि काठावरच्या चिखलात कमरेपर्यंत गेले. दिराने एक हात धरला, मी दुसरा. ओढून काढले तर ते हसत होते. "पाहिली पण! दोन्ही पाहिली!"

घरी आल्यावर दिराने त्यांना विहिरीवर बाल्दीने पाणी घातलं आणि तो जीपमधला चिखल काढायला गेला. त्यांना कोरडे कपडे हवे होते. मी कपाट उघडलं, वरची पँट आणि वरचा शर्ट काढून दिला. हिरवट रंगाचा, ह्यांचा सहलीला जायचा शर्ट.

सोप्यावर पानं वाढली. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, सोलकढी. गृहस्थ दाराकडे पाठ करून बसले होते. दीर पायरी चढून आला आणि तिथेच थांबला. त्याला मागून फक्त तो शर्ट दिसला असणार. तो वळला आणि घरामागे गेला. थोड्या वेळाने त्याचं रडणं ऐकू आलं, मोठमोठ्याने, गुरासारखं. भाऊ गेला तेव्हा लाकडं, भटजी, पाव्हणे, सगळं त्यानेच बघितलं होतं. तेव्हा तो रडला नव्हता.

"काय झालं त्यांना?" बाईंनी विचारलं.

"तो शर्ट त्याच्या भावाचा. म्हणजे माझ्या मिस्टरांचा. ते ह्या पावसाळ्यात वारले."

गृहस्थांचा घास हातातच राहिला. "अहो, मग मला कशाला..." म्हणत ते उठायला लागले, खरकट्या हाताने बटण काढायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "भात निवतोय."

बाईंनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसऱ्यांच्या टोपावर झाकण आहे की नाही, हे मी आठवत होते, कारण मांजर आत शिरलं होतं.

त्यांना पणजीला सोडून दीर परत आला. मग विचारलं, "वयनी, तोच शर्ट कित्याक दिलंस?"

"वरचो होतो."

"तुका कायच वाटला नाय?"

"नाय."

त्याने माझ्याकडे बघितलं ते जरा घाबरूनच.

शर्ट काही दिवसांनी कुरियरने आला, इस्त्री करून. मी तो दिराला दिला. आधी नको म्हणाला, मग नेला. फोन येत राहिले, मी हो म्हणत राहिले, आणि आता हिवाळाभर सहली चालू आहेत. कारापूरहून बहीण आली होती. "रड गो एकदाचा, बरा वाटात," म्हणाली. मी तिच्यासमोर बसून पाहिलं, काही आलं नाही. तीच रडली.

दीर पूर्वी पाहुण्यांना सोडून आला की जीप लावून घरी जायचा. आता सोप्यावर बसून राहतो, मी स्वतःचं पान वाढून घेईपर्यंत. मी जेवायला लागले की उठतो.